वन्संचा कॅमेरा आणि संध्याकाळचं विमान

माझ्या नणंदेला कॅमेरा हवा होता. तो कशासाठी हवा असणार, हे घरातल्या प्रत्येकाला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कोडोलीच्या धाकट्या दिरांना वाटलं, शेताचे फोटो काढायला. जावेला वाटलं, बसदीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या पूजेचे. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याला वाटलं, त्याच्या होणाऱ्या बाळाचे. वन्संना विमानाचे फोटो काढायचे होते. फक्त विमानाचे.

"अगं, पण त्यात माणसं कुठं दिसतात?" माझे यजमान म्हणाले.

"म्हणूनच की अण्णा," वन्सं म्हणाल्या.

वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही, याची प्रत्येक नातेवाईकाकडे वेगळी हकिगत आहे. मी त्यांना कधी विचारलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून कोडोलीच्या घरात त्यांचं सगळं वन्संनीच केलं. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सूर्य मावळायच्या आत भरवणं. आमच्या घराण्यात सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणीही नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत आल्यावर आमचा तो नियम माझ्या लॅबनं मोडला. रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवणाऱ्या बाईला संध्याकाळी सातशिवाय हात धुवायला मिळत नाही, आणि यजमानांनी माझ्याबरोबर जेवायचं ठरवलं. वन्संनी मात्र तो कधी सोडला नाही. सासूबाईंनी शेवटपर्यंत पाळला, आणि तो पाळायला वन्संचे हात लागले.

सासूबाई गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांचा दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या. पट्टी निघाल्यावर त्या गच्चीवर वाळवणाची राखण करत बसल्या होत्या. तेवढ्यात उजळाईवाडीच्या विमानतळाकडे उतरणारं विमान घरावरून गेलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मागून आवाज आला, "वैनी, त्याच्या शेपटीवर रंग हाय! मला वाटायचं, समदी विमानं पांढरीच असतात."

मी म्हटलं, असतो रंग, कंपनीप्रमाणे वेगळा. त्या दिवसापासून त्या रोज गच्चीवर जाऊ लागल्या. आठवड्याभरात कुठल्या शेपटीवर काय आहे ते त्या मला सांगू लागल्या. मग कॅमेऱ्याचा विषय निघाला.

पैसे त्यांचे होते. सासूबाईंच्या माघारी त्यांनी स्वतःची म्हैस विकली होती. म्हैस विकून विमान, असं जाऊबाई फोनवर म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की फोन लांब धरावा लागला. वन्संनी तो परत कानाला लावला आणि म्हणाल्या, "विमानाला वैरण लागत न्हाय, एवढं बरं हाय की."

लॅबसाठी मायक्रोस्कोप घेताना मी दुकानदाराला एकच विचारते: ह्यातून मला नेमकं काय बघायचंय ते तुम्हाला कळलंय का? बाकीचं मग आपोआप सुटतं. इथं बघायची वस्तू लांब होती, वेगात होती आणि आपल्यासाठी थांबणार नव्हती. बघणाऱ्या बाईचा एक डोळा नवा आणि दुसरा जुना होता. म्हशीच्या किमतीत बसायचं होतं. गणित अवघड नव्हतं, फक्त प्रत्येकाच्या सल्ल्यातून वाट काढायची होती.

पहिला सल्ला मोबाइलचा. यजमानांच्या नव्या मोबाइलवर वन्संनी विमान काढलं. साबुदाण्याएवढं आलं. ते मोठं करून बघितलं तर भिजवलेल्या साबुदाण्याएवढं झालं, म्हणजे मोठं आणि पिळपिळीत. शिवाय उन्हात पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. वन्संना विमानाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसत होता.

दुसरा सल्ला यजमानांच्या मित्राचा. त्यांच्याकडे एक कॅमेरा होता, लेन्स अंगालाच चिकटलेली, आणि झूम एवढा की चंद्रावरचे खड्डे दिसावेत. त्यांनी तो आनंदानं वापरायला दिला. चंद्र खरंच छान आला. विमानाच्या बाबतीत मात्र बटण दाबल्यावर तो कॅमेरा आधी विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. तोवर विमान चौकटीबाहेर. वन्संनी दोन दिवसांत निळ्या आकाशाचे पुष्कळ फोटो काढले.

"आकाश मस्त आलंय तुझं," यजमान म्हणाले.

"आकाश थांबतंय की."

चंद्रासाठी ठीक, विमानासाठी नाही, असं ठरवून मी तो परत केला. नव्या कॅमेऱ्याच्या किमती नेटवर बघितल्या आणि पान बंद केलं. म्हणजे जुना घ्यायचा. माझ्या लॅबमधला सेंट्रिफ्यूज जुना आहे, फ्रीज जुना आहे, मायक्रोस्कोपही दुसऱ्या हातचाच. जुन्या वस्तूची मला भीती वाटत नाही. न तपासता घेतलेल्या वस्तूची वाटते.

शाहूपुरीत जुने कॅमेरे विकणारं एक दुकान आहे. मालक स्वतः लग्नाचे फोटो काढायचे, गुडघे गेल्यावर दुकानात बसले. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "ताई, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या हायत काय?"

"ह्यांना घ्यायचाय. विमानाचे फोटो काढायला."

त्यांनी वन्संकडं बघितलं. डोक्यावर पदर, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. "मावशी, विमान काय पोज देऊन उभं ऱ्हात न्हाय हां."

"म्हस बी ऱ्हात न्हाय," वन्सं म्हणाल्या. "दाखवा तुमी."

माणूस हसला आणि त्यानंतर सरळ बोलू लागला. त्यांनी दाखवलेल्यांतून आम्ही एक जुना, लेन्स बदलता येणारा कॅमेरा बाजूला काढला. मॉडेल जुनं होतं, पण बटण दाबताच खटकन फोटो निघायचा. त्याचा सेन्सर लहान होता. लग्नवाल्यांना ते चालत नाही, आमच्या मात्र पथ्यावर पडलं: लहान सेन्सरवर तीच लेन्स दीडपट लांबचं दाखवते. त्याच्यासोबतची छोटी लेन्स मी परत दिली, कारण तिच्यातून विमान पुन्हा साबुदाणाच झालं असतं. त्याऐवजी अडीचशे मिलिमीटरपर्यंत जाणारी प्लॅस्टिकच्या अंगाची हलकी झूम लेन्स घेतली. दिसायला खेळण्यासारखी आहे. पण काच चांगली होती, आणि हात थरथरला तर सावरून घेणारी सोय तिच्यात होती.

मग मी पर्समधून टॉर्च काढला. लेन्सच्या एका बाजूनं उजेड टाकून दुसऱ्या बाजूनं बघितलं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. माझ्या पहिल्या मायक्रोस्कोपची भिंगं अशीच गेली होती. पहिल्या लेन्समध्ये धागे दिसले.

"ही नको."

"ताई, फोटोत येत न्हाई ते."

"पुढच्या पावसाळ्यात येईल."

त्यांनी कुरकुर न करता दुसरी काढली. ती स्वच्छ होती. कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढलेत, तो आकडा मी त्यांना मशीनला जोडून दाखवायला लावला. गाडीचं किलोमीटर बघतो तसंच ते. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक लहानसं चाक असतं, ते फिरवलं की चष्म्याचा नंबर भरून निघतो. वन्संनी नव्या डोळ्यानं आत बघत ते फिरवलं, आणि एकदम थांबून म्हणाल्या, "समोरच्या पाटीचं अक्षर वाचतोय मी." माझ्या मते खरेदी तिथंच झाली.

दुकानदारांना तीन पायांचा स्टँडही विकायचा होता. मी नाही म्हटलं. विमान डावीकडून उजवीकडं जाणार, त्याच्याबरोबर कमरेतून वळायचं, तिथं स्टँड पायात येतो. ते पैसे दुसऱ्या बॅटरीत घातले. बॅगही घेतली नाही. घरी हवाबंद झाकणाचा तांदळाचा डबा रिकामा होता. लॅबच्या किटांबरोबर ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या मी कधी टाकत नाही. कॅमेरा त्या डब्यात, पुड्यांच्या शेजारी. वन्संनी डब्याला बाहेरून हळदीकुंकवाची बोटं लावली. कॅमेऱ्याला लावू दिली नाहीत म्हणून थोडा वाद झाला, पण काचेवर कुंकू म्हणजे काय होतं ते त्यांना पटलं.

जागा शोधायला मी एका रविवारी स्कूटरवरून त्यांना घेऊन निघाले. आधी विमानतळावर जाऊन विचारून आले होते. भिंतीला चिकटायचं नाही, आतल्या इमारतीवर कॅमेरा रोखायचा नाही, बाहेरच्या रस्त्यावरून उडणारं विमान काढा, असं तिथल्या माणसानं सांगितलं. सूर्य पाठीमागे राहावा म्हणून मला धावपट्टीच्या दक्षिणेची जागा हवी होती. ती मिळाली, पण पुढं दोन पुरुष उंचीचा ऊस. आम्ही तोड व्हायची वाट बघितली. तोड झाली आणि एका दिवसात अख्खं आकाश मोकळं झालं.

बांधावर शेतमालक भेटले. "पावणं, कुठलं गाव?"

"कोडोली," वन्सं म्हणाल्या.

"मग कोडोलीवरनं विमानं जात न्हाईत व्हय?"

"जात्यात की. लई वरनं जात्यात. इथं उतरत्यात."

त्यांना हे कारण पूर्ण पटलं. त्यांनी बांधावरच्या बाभळीखालची जागा दाखवली आणि पाचट पेटवायचं असेल त्या दिवशी आधी सांगू, असंही म्हणाले.

पहिल्या फोटोंत एक गंमत झाली. इथं येणाऱ्या विमानांपैकी काही पंख्यांची असतात. वन्संनी दुकानदारांच्या सांगण्यावरून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला होता. विमान अगदी लख्ख आलं, खिडक्या मोजाव्यात असं. पण पंखेही लख्ख आले, एकेक पातं वेगळं, जागच्या जागी उभं. पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्याचा लगेच फोन.

"आत्ती, ह्याचे पंखे बंद पडल्यात. आता पडतंय बघ खाली!"

"पडलं न्हाय. माणसं उतरून गेली घरला."

"मग फोटोत का बंद?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमधल्या छताच्या पंख्यावर कॅमेरा रोखला. वेग कमी करत गेल्या, आणि पाती फिरल्यासारखी पुसट दिसली तिथं थांबल्या. तसा वेग ठेवला की विमानाबरोबर हात एकसारखा वळवावा लागतो, नाहीतर विमानच पुसट होतं. आठवडाभर त्या माझ्या गच्चीवर शेजारच्यांच्या कबुतरांबरोबर कमरेतून वळत होत्या. रक्त द्यायला आलेल्या बायका वर बघायच्या. मी सांगायचे, व्यायाम चाललाय.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा संध्याकाळच्या विमानानं केला.

दिवसाची विमानं होती. पण वन्संचा जीव संध्याकाळच्या विमानात. ते उन्हं उतरताना यायचं, आणि त्याचं पोट तांब्याच्या घंगाळासारखं चमकायचं. मला वाटलं, रंगासाठी. त्या वेळी उजेड कमी, आणि आमची स्वस्त लेन्स उजेड कमी पडला की अडते. फोटोत रव्यासारखे दाणे यायचे.

आम्ही परत शाहूपुरीला गेलो. दुकानदारांनी कपाटातून एक मोठी लेन्स काढली, पुढची काच वाटीएवढी. हिच्यात उजेड भरपूर येतो, म्हणाले. वजन बघावं म्हणून ती वन्संच्या हातात दिली. "जड हाय बरं का मावशी."

"आईला एकटी उचलून न्हाणीत नेत होतो मी. ह्ये काय जड?"

किंमत मात्र जड होती. तसल्या दोन म्हशी विकाव्या लागल्या असत्या. मी त्यांना म्हटलं, लेन्स बदलण्यापेक्षा वेळ बदला. सकाळी उजेड फुकट मिळतो, तुमची लेन्स सकाळी उत्तम चालते. बजेटमध्ये बसायचं तर हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे. वन्संनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी परत संध्याकाळीच गेल्या, सिटी बसनं.

त्या दिवसांत पुण्याहून फोन वाढले होते. पुतण्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. तिच्या आईला संधिवात, तिच्याच्यानं बाळंतपण होणार नव्हतं. "आत्ती मोकळीच हाय की," असं दीर म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या. आमचे यजमानही एकदा म्हणाले, आणि मी त्यांच्याकडं बघितल्यावर त्यांनी पेपर उघडला. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आई गेली, म्हैस गेली, म्हणजे आता ह्या बाईचे हात रिकामे, असं सरळ गणित होतं. एकदा पुण्याला गेल्या की बाळ मोठं होईपर्यंत परतणार नाहीत, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. त्या फोनवर एवढंच म्हणायच्या, "बगू."

मग ती संध्याकाळ. लॅब बंद करत होते तेव्हा वन्सं दारातून आत आल्या, कॅमेऱ्याची पिशवी टेबलावर ठेवली आणि रक्त घ्यायच्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच. चेहरा पांढरा, कपाळाला घाम. मी त्यांना आडवं केलं, पाय उशीवर घेतले, बोटाला सुई लावून साखर बघितली. खाली गेली होती.

"दुपारी काय खाल्लंत?"

"भाकरी."

"आणि संध्याकाळी?"

मी त्यांची पिशवी उघडली. तळाशी जेवणाचा डबा होता, भरलेला. मी सकाळी दिला होता तसाच. उघडलाही नव्हता.

ग्लासात साखर ढवळून मी पुढं धरला. त्यांनी तोंड फिरवलं. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"वन्सं, हे औषध समजा."

"औषध सकाळी घेतो."

मी वाद घातला नाही. आडव्या झाल्यावर नाडी सुधारली होती, बोलत होत्या, घाम थांबला होता. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासलं, माझ्याकडं बघून खांदे उडवले आणि रात्रभर लक्ष ठेवा म्हणाले. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. विमान वेळेवर असलं की ते गेल्यावर त्या बांधावर बसून सूर्य असतानाच जेवायच्या. पण उशीर झाला तर डबा उघडायचं धाडस व्हायचं नाही. आता येईल, आता येईल, असं वाटायचं. खाली बघितलं आणि तेवढ्यात आलं तर? हात खरकटे असले तर? असं करत सूर्य जायचा. घरी आल्यावर आम्हाला वाटायचं, डबा खाल्ला असणार. आम्ही उशिरा जेवणारी माणसं. लवकर जेवणाऱ्याच्या ताटाकडं आमच्या घरात कोणी बघतच नव्हतं. आठवड्यात दोन-तीनदा हे चाललं होतं.

"मी सांगितलं होतं ना, सकाळचं विमान धरा म्हणून?"

त्या छताकडं बघत पडल्या होत्या. "सकाळचं धरलं, तर संध्याकाळी काय करू?"

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"दिवस उतरला की आईचं जेवण व्हायचं, वैनी. भात मऊ करायचा, वरण घालायचं, सूर्याकडं बगत भरवायचं. सूर्य गेला की एक घास ऱ्हायला असला तरी ती तोंड मिटायची. इतकी वरसं ती येळ माझी कंदी रिकामी नव्हती. आता दिवस उतरला की हातात काय धरावं कळत न्हाय." मग कॅमेऱ्याच्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "ते इमान त्या येळला येतंय."

मी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि दिवा बारीक केला.

बातमी कोडोलीला गेली, तिथून पुण्याला. रविवारी पुतण्या गाडी घेऊन हजर. मुलगा चांगला आहे, फक्त जे ठरलंय ते ठरलंच आहे असं धरून चालतो. आल्या आल्या म्हणाला, "काकू, आत्तीला एकटं सोडायचं न्हाय आता. रानात एकटी बसती, उपाशी ऱ्हाती. पुण्यात आमी हाय की बघायला."

"तुम्ही तिला बघणार, का ती तुम्हाला?"

"काकू, तुमी पण!"

वन्सं आतून कॅमेऱ्याचा डबा घेऊन आल्या. पुतण्याकडं बघून म्हणाल्या, "संध्याकाळी इमान हाय. आदी ते बगू, मग काय ते बोल."

तोवर माझा निर्णय झाला होता. त्या दिवशी लॅब बंद होती; पण मी ठरवलं की इथून पुढंही, लॅबमधल्या तंत्रज्ञ मुलीवर शेवटचा तास सोपवता येईल त्या दिवशी, मी वन्संबरोबर जाणार. चुलीपासून दूर राहिलेल्या माणसानं करावा तसा साधा स्वयंपाक केला: मऊ भात, वरण, वांग्याचं भरीत, भाकरी. पुतण्याला स्कूटर दिली, आम्ही दोघी त्याच्या गाडीत. म्हणजे गाडी मी चालवली.

बाभळीखाली सतरंजी टाकली. ऊन तिरकं झालं होतं, तोडलेल्या उसाच्या खोडव्याला नवे कोंब आले होते. विमान उशिरा असल्याचं पुतण्यानं मोबाइलवर बघून सांगितलं. वन्संनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पूर्वेकडं बघत उभ्या राहिल्या. डबा पिशवीतच.

मी त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

"वैनी!"

"बसा. जेवा. मी बघते."

"तुमाला न्हाय जमायचं ते."

"बटण दाबायचंच आहे ना? आणि कमरेतून वळायचं. रोज बघतेय मी तुम्हाला. बसा."

त्या बसल्या. मी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला, भातावर वरण घातलं, आणि उठून कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीशेजारचं चाक त्यांच्या डोळ्याप्रमाणे लावलेलं होतं, त्यामुळं मला सगळं धूसर दिसत होतं. ते फिरवलं तर त्यांचा नंबर जाईल, म्हणून फिरवलं नाही. धूसर आकाशाकडं बघत उभी राहिले. मागं त्यांचं जेवण चाललेलं ऐकू येत होतं. सूर्य अजून बोटभर वर होता.

पुतण्या सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला. "आत्ती, मग ठरलं न्हवं? उद्याच निघायचं?"

"जेवू दे की बाबा."

"न्हाय, म्हंजे तिला सांगायला बरं."

वन्संनी घास गिळला. "येतो की मी पुण्याला. बाळ बगायला येतो. आठ दिस ऱ्हातो, तिला शेकायला, मालिश करायला शिकवतो. तुला बी शिकवतो. मग परत येतो."

"आठ दिस? आत्ती, आमी तर—"

"तुझ्या आज्जीचं मी केलं, मला करायचंच होतं म्हणून केलं. कुणी पाठवलं नव्हतं." आवाज चढला नव्हता. "आता मला ह्ये करायचंय."

"ह्ये म्हंजे इमानाचं फोटू?"

"व्हय. इमानाचं फोटू."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, पण माझा डोळा कॅमेऱ्याला होता. कॅमेऱ्याचा हा एक मोठा फायदा आहे, जो कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

तेवढ्यात आवाज आला. मोबाइलनं सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी. "वैनी! आलं, आलं!" वन्संचा हात वरणभातात, त्या अर्ध्या उठल्या.

"तुम्ही बसा. घास संपवा."

पूर्वेकडून ठिपका आला, मोठा झाला, तांबूस झाला. मी कमरेतून वळले. गुडघा दुखला. बटण दाबून धरलं, खट खट खट खट. विमान डोक्याच्या थोडं बाजूनं गेलं आणि भिंतीमागं उतरलं. रानात एकदम शांतता पडली. मागं वळून बघितलं तर वन्सं सतरंजीवर बसून, हात तसाच ताटात ठेवून, विमान गेलं त्या दिशेला बघत होत्या. पुतण्याही बघत होता. तो इतक्या जवळून विमान उतरताना पहिल्यांदाच बघत असावा, कारण त्याचं तोंड उघडं होतं.

वन्संनी शेवटचा घास खाल्ला, डब्याच्या झाकणातलं पाणी प्यायल्या, हात धुतले, पदराला कोरडे केले. सूर्य तोवर होता. मग त्यांनी कॅमेरा मागितला आणि पडद्यावर फोटो बघू लागल्या. एकेक पुढं सरकवत गेल्या. पहिल्यात आकाश. दुसऱ्यात आकाश आणि विजेची तार. तिसऱ्यात विमानाचं नाक. चौथ्यात विमान बऱ्यापैकी आलं होतं, पंखे फिरतानाही दिसत होते, पण रवाळ होतं आणि मागचा भाग चौकटीबाहेर.

"वैनी, शेपूट कापलंय तुमी."

"मग?"

"रंग शेपटीवर असतोय की त्याच्या."

"उद्या तुम्ही काढा. मी डबा लवकर आणते."

पुतण्या सतरंजीची घडी घालत होता. घडी वेडीवाकडी होती. वन्संनी ती त्याच्या हातातून घेतली, नीट घातली, आणि परत त्याच्याच हातात दिली.